भाषेचा तास आणि धर्माचा तास : वेल्स व मराठी सीमाभाग येथील शालेय धर्मशिक्षणाची स्थानिक देखरेख

म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येकडील एका विस्तृत वसाहतीस कुवेंपुनगर असे नाव आहे. नगररचनेच्या कागदपत्रांत कवीचे नाव उमटावे ही गोष्ट कर्नाटकात नवलाची नाही. तथापि कुप्पळ्ळि वेंकटप्प पुट्टप्प (१९०४–१९९४) यांचे नाव ज्या कारणांनी तेथे आले त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी उच्च शिक्षणाच्या पायरीपर्यंत कन्नड माध्यम नेण्याचा आग्रह धरला. आणि आयुष्यभर त्यांनी असे प्रतिपादन केले की, प्रत्येक बालक जन्मतः ‘विश्वमानव’ असते; पुढे जात, मत, पंथ यांच्या कुंपणांनी समाज त्याला लहान करतो, आणि ही कुंपणे काढणे हेच शिक्षणाचे काम. पहिली मागणी मातृभाषेची, दुसरी पंथनिरपेक्ष मनाची. दोन्ही एकाच कवीच्या तोंडी असल्यामुळे त्या परस्परपूरक आहेत असे गृहीत धरण्याकडे वाचकाचा कल होतो. वस्तुतः त्यांच्यात एक ताण आहे. मातृभाषा शाळेत येते ती रिकाम्या हातांनी येत नाही. मराठी येते ती ज्ञानेश्वर-तुकारामांना घेऊन, कन्नड येते ती बसवण्णा आणि पुरंदरदास यांना घेऊन. मग धर्माचा तास वेळापत्रकातून काढून टाकला तरी भाषेच्या तासाला जे घडते त्याला काय म्हणावयाचे, आणि त्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे?

हा प्रश्न बहुसंख्यांच्या भाषेतील शाळेत फारसा बोचत नाही. शाळा, शासन आणि परिसर यांची भाषा एक असली म्हणजे पाठ्यपुस्तकातील भक्तिगीत हे ‘आपले वाङ्मय’ म्हणून सहज खपून जाते. जेथे शाळेची भाषा शासनाच्या भाषेहून वेगळी असते, तेथे मात्र तो उघडा पडतो. युरोपात याचे सर्वांत बोलके उदाहरण वेल्सचे आहे. भारतात मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळा. दोहोंची तुलना करताना साम्यापेक्षा भेद अधिक शिकवून जातो.

वेल्श भाषा टिकली ती प्रथमतः धर्मशिक्षणामुळे, हे विधान अतिशयोक्तीचे नाही. १५६३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या संसदेने बायबलचे वेल्श भाषांतर करण्याचा कायदा केला आणि १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. हेतू भाषारक्षणाचा नव्हता. प्रजा प्रॉटेस्टंट व्हावी हा होता. परंतु परिणाम असा झाला की ज्या भाषेला दरबार, न्यायालय आणि विद्यापीठ यांपैकी कोठेच जागा नव्हती तिला एक प्रमाणरूप लाभले आणि आठवड्यातून एकदा ते गावोगाव मोठ्याने वाचले जाऊ लागले. पुढे अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने फिरत्या शाळा काढल्या. शिक्षक एका गावी काही महिने राहावयाचा, लहानथोरांना वेल्श बायबल वाचावयास शिकवावयाचा आणि पुढच्या गावी जावयाचा. १७६१ मध्ये जोन्स वारले तोपर्यंत या शाळांतून दीड लाखांहून अधिक लोक शिकून गेल्याची नोंद त्यांच्याच अहवालांत आहे. त्यानंतर बाला गावच्या टॉमस चार्ल्स यांच्या रविवारच्या शाळांनी हेच काम उचलले. पंटिकेलिनचे विल्यम विल्यम्स आणि अॅन ग्रिफिथ्स यांची स्तोत्रे या शाळांच्या आणि प्रार्थनागृहांच्या वातावरणात रुजली. आज वेल्श काव्याच्या कोणत्याही इतिहासात त्यांना जे स्थान आहे ते मराठीच्या इतिहासात अभंगाला असलेल्या स्थानासारखेच आहे. स्तोत्र वगळून वेल्श कविता शिकविणे म्हणजे अभंग वगळून मराठी कविता शिकविण्यासारखे होय.

या इतिहासाला १८४७ साली एक कडवट वळण मिळाले. वेल्समधील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी लंडनहून तीन आयुक्त आले. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते. तिघेही अँग्लिकन, आणि पाहावयाच्या शाळा बहुतांशी अँग्लिकन चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांच्या प्रजेच्या. त्यांनी साक्षी घेतल्या त्यांत स्थानिक अँग्लिकन पाद्र्यांच्या साक्षींचे वजन मोठे होते. निष्कर्ष असा निघाला की, लोक मागासलेले आणि अनीतिमान आहेत, आणि त्यास त्यांची भाषा व त्यांचे पंथ कारणीभूत आहेत. अहवालाच्या निळ्या मुखपृष्ठावरून वेल्श लोकांनी त्या घटनेला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ असे नाव दिले. देखरेख करणारा परका होता एवढेच म्हणून येथे थांबता येत नाही. त्या गावातलाच पाद्री जेव्हा गावाविरुद्ध साक्ष देतो, तेव्हा देखरेख ‘स्थानिक’ असते की नाही? स्थानिकता हा आपोआप गुण ठरत नाही. कोणत्या स्थानिकाला आसन मिळाले, यावर सारे अवलंबून असते.

वेल्श पंथीयांनी हा धडा लक्षात ठेवलेला दिसतो. १९०२ च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांना स्थानिक करांतून पैसा देण्याची तरतूद केली तेव्हा लॉइड जॉर्ज यांच्या प्रेरणेने वेल्श परगण्यांतील परिषदांनी तो देण्यास नकार दिला. अखेर १९०४ मध्ये संसदेला कसूर करणाऱ्या परिषदांसाठी निराळा कायदा करावा लागला. आपल्या पैशाने दुसऱ्याचा धर्म शिकविला जाऊ नये, हे म्हणणे गावपातळीवरून इतक्या संघटित रीतीने मांडले गेल्याची उदाहरणे थोडी आहेत. १९२० मध्ये वेल्समधील चर्चचा राज्यधर्माचा दर्जा संपुष्टात आला. या घटनेची खूण पुढील शिक्षणव्यवस्थेत अगदी तपशिलापर्यंत उतरली आहे.

तो तपशील असा. १९४४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील सार्वजनिक शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे झाले. परंतु त्याचा अभ्यासक्रम केंद्राने न ठरविता प्रत्येक स्थानिक शिक्षणाधिकारणाने एक परिषद भरवून ‘संमत अभ्यासक्रम’ म्हणून ठरवावा, असे झाले. १९८८ च्या कायद्याने प्रत्येक अधिकारणाने धर्मशिक्षणासाठी कायम सल्लागार मंडळ नेमणे बंधनकारक केले. मंडळ गटागटांचे बनते. इंग्लंडमध्ये गट चार असून त्यांतला एक संपूर्ण अँग्लिकन चर्चचा असतो. वेल्समध्ये गट तीनच : ख्रिस्ती पंथ व इतर धर्म यांचे प्रतिनिधी, शिक्षकांचे प्रतिनिधी, आणि स्थानिक परिषदेचे सभासद. राज्यधर्म नाही म्हणून चौथे आसन नाही. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या परिषदेत प्रत्येक गटाला एक मत असते आणि निर्णय सर्व गटांच्या एकमतानेच होतो. म्हणजे शिक्षकांचा गट नको म्हणाला तर सर्व पंथांचे धर्मगुरू एकत्र येऊनही काही करू शकत नाहीत, आणि उलटही तितकेच खरे. अभ्यासक्रमाचा पाच वर्षांच्या आत फेरविचार, वार्षिक अहवाल, लोकांना खुल्या असलेल्या बैठका, अशी ही रीत आहे. भारतीय वाचकाला ती रुक्ष वाटेल. पण धर्म शिकविण्यावर कोणी, कोणत्या अधिकाराने बोलावयाचे याचे उत्तर तिच्यात लेखी दिलेले आहे.

वेल्श माध्यमाच्या शाळा याच व्यवस्थेत वाढल्या. १९३९ मध्ये अॅबरिस्टविथ येथे सात मुलांना घेऊन पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा खाजगी रीत्या निघाली. १९४७ मध्ये लानेथ्ली येथे स्थानिक अधिकारणाने चालविलेली पहिली शाळा उघडली. त्या पिढीत घर, प्रार्थनागृह आणि शाळा यांची भाषा एक होती. आता ती स्थिती राहिलेली नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील ४६.५ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे नोंदविले, ४३.६ टक्क्यांनी स्वतःस ख्रिस्ती म्हटले. वेल्श बोलणारे १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार होते. १९११ मध्ये ही संख्या पावणेदहा लाखांच्या घरात होती. प्रार्थनागृहे ओस पडत गेली तशी भाषेची एक पाठशाळाच बंद पडली, आणि जे काम दोन संस्था करीत असत ते एकट्या शाळेवर आले. २०२१ च्या कायद्याने या विषयाचे नावही बदलले. सप्टेंबर २०२२ पासून तो ‘धर्म, मूल्ये आणि नीतिशास्त्र’ या नावाने टप्प्याटप्प्याने शिकविला जाऊ लागला. सल्लागार मंडळांत निरीश्वरवादी व इतर तात्त्विक भूमिकांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले. आणि मुलाला या तासातून काढून घेण्याचा पालकांचा जुना हक्क संपला. ही शेवटची गोष्ट वादग्रस्त ठरणे अपरिहार्य होते. विषय जर खरोखर सर्वांचा आणि समतोल असेल तर सुटकेची गरज नाही, असा शासनाचा तर्क. तो समतोल आहे की नाही हे ठरविण्यासाठीच तर पालकाला तो हक्क हवा होता, हे त्यावरचे उत्तर. आणि ते सहज झटकून टाकता येण्याजोगे नाही.

आता मराठीकडे वळू. मराठीतही धर्मशिक्षणासाठी लिहिलेला एक महाग्रंथ मॉर्गन यांच्या बायबलानंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे छापला गेला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ते हे होय. नवख्रिस्ती मंडळींना जुन्या पुराणांच्या जागी श्रवणासाठी काही हवे होते, आणि इंग्लंडहून आलेल्या या जेझुइटाने त्यांना ओवी दिली. रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाच्या शतकभरात आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. वेल्समध्ये ज्या रीतीने धर्मग्रंथाने भाषेला आधार दिला तोच प्रकार येथे होऊ शकला असता. तसे घडले नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेचा वापर सोडण्यास प्रजेला मुदत घालून दिली. देखरेख लिस्बन आणि जुन्या गोव्याच्या बाजूने आली. वेल्श बायबलामागे राणीचा कायदा होता, क्रिस्तपुराणामागे राज्याचे असे पाठबळ उरले नाही. दोन भाषांच्या भवितव्यातला फरक पुष्कळसा येथे आहे.

ब्रिटिश अंमलातील मुंबई इलाख्यात प्रश्नाचे रूप निराळे झाले. शासनाचे धोरण धर्माबाबत तटस्थतेचे. मिशनऱ्यांच्या शाळा धर्म शिकवीत, आणि १८३९ मधील पारशी मुलांची व १८४३ मधील शेषाद्री बंधूंची प्रकरणे मुंबईत गाजल्यानंतर ‘शाळा’ या शब्दाभोवतीच संशय दाटला होता. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सरकारी संस्थांतील शिक्षण ऐहिकच राहील याची ग्वाही पुन्हा दिली. आणि नेमक्या त्याच वर्षी परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ प्रसिद्ध झाले. शाळांसाठी केलेला हा मराठी कवितेचा वेचा म्हणजे बव्हंशी संत आणि पंडित कवींचा वेचा होता. दुसरे असणार तरी काय? तटस्थ शासनाच्या आश्रयाखाली ज्ञानेश्वर, तुकाराम, मुक्तेश्वर, मोरोपंत ‘मराठी कविता’ या नावाने वर्गात शिरले. जे कीर्तनात ऐकावयाचे ते आता फळ्यावर अन्वयार्थासाठी आले. पुढे १८६९ व १८७३ मध्ये तुकारामांची गाथा सरकारी साह्याने इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. तटस्थतेने धर्म काढून टाकला नाही. तिने त्याला वाङ्मय असे नाव दिले. हे नामांतर मराठी वाङ्मयाला उपकारक ठरले, यात शंका नाही. मात्र त्यानंतर त्याकडे धर्म म्हणून पाहण्याची, आणि म्हणून त्यावर कोणाला काही विचारण्याची, सोयच उरली नाही.

भारतीय संविधानाने हीच वाट पुढे नेली. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत ते स्वतःच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून कोणावर लादता येत नाही. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने ‘धर्माचे शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ असा भेद केला व दुसरे इष्ट मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या डी. ए. व्ही. कॉलेज प्रकरणात गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असे ठरविले, आणि २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात हीच दिशा कायम ठेवली. तत्त्व स्वच्छ आहे. वर्गातला अनुभव तितका स्वच्छ नसतो. एकच अभंग एक शिक्षक अलंकार आणि काळ यांच्या अंगाने शिकवितो, दुसरा डोळे मिटून गातो व मुलांकडून गाऊन घेतो. कायद्याच्या दृष्टीने दोघांचाही तास ‘मराठी’चाच. शाळेच्या प्रार्थनेच्या बाबतीत ही सीमा न्यायालयापर्यंत गेली आहे : प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिल्यामुळे वेतनाचा लाभ रोखलेल्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला. शिक्षक न्यायालयात जाऊ शकतो. तिसरीतले मूल कोठे जाणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावसह मुंबई राज्याचे चार कन्नड जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे ठरले. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळांचे पुढचे सारे वाद भाषेचे झाले. १९८१ च्या गोकाक समितीचा अहवाल, १९८२ चे आंदोलन व कन्नडला एकमेव प्रथम भाषा करणारा शासननिर्णय, १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने भाषिक अल्पसंख्याकांच्या बाजूने दिलेला निकाल, ही मालिका परिचित आहे. (समितीचे अध्यक्ष वि. कृ. गोकाक हे एके काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असत आणि समितीच्याच सुमारास एका आध्यात्मिक संस्थेने काढलेल्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाषा आणि धर्मशिक्षण हे दोन प्रश्न एका व्यक्तीत किती शेजारी नांदू शकतात याचे हे उदाहरण सहसा कोणी लक्षात घेत नाही.) या गदारोळात मराठी तासाला नेमके काय शिकविले जाते, हा प्रश्न मागे पडला. माध्यम वाचले की सारे वाचले, असा समज झाला.

या शाळांतील मराठीचे पुस्तक पुण्याच्या ‘बालभारती’चे नसते, ते कर्नाटक शासनाच्या पाठ्यपुस्तक यंत्रणेकडून तयार होऊन येते. इतिहास व नागरिकशास्त्राचा मजकूर तर राज्याच्या सामाईक पुस्तकाचा अनुवादच असतो. म्हणून २०२२ मध्ये पाठ्यपुस्तक पुनरीक्षण समितीवरून कर्नाटकात जे वादळ उठले ते मराठी माध्यमाच्या मुलांचेही होते. बसवण्णांवरील पाठातील शब्दयोजनेवर लिंगायत मठाधीशांनी आक्षेप घेतला. समितीच्या अध्यक्षांवर कुवेंपूंच्या नाडगीताच्या विडंबनाचा आरोप झाला, राष्ट्रकवी कुवेंपु प्रतिष्ठानाच्या अध्यक्षांनी निषेधार्थ राजीनामा दिला. समिती विसर्जित झाली आणि पाठात दुरुस्ती करण्याचे शासनाने मान्य केले. विश्वमानवाचा कवी आणि इष्टलिंगाचा प्रवर्तक एकाच वादात सापडले. तो वाद बेंगळूरमध्ये, वृत्तपत्रांत, मठांत आणि मंत्रालयात लढला गेला. ज्या शाळांत ती पुस्तके उघडावयाची होती त्या शाळांच्या समित्यांना त्यात बोलण्याची जागा कोठेच नव्हती.

शाळांना समित्या नाहीत असे नव्हे. कर्नाटकात २००१ पासून पालकांची शाळा विकास व देखरेख समिती आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नेही अशीच समिती सांगितली असून तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. पण या समितीने पाहावयाचे काय? शिक्षकांची हजेरी, मुलांची पटावरील संख्या, इमारत, पाणी, मध्यान्ह भोजन, अनुदानाचा विनियोग. हे किरकोळ नाही. मात्र वेल्श स्थानिक मंडळ ज्या गोष्टीसाठी अस्तित्वात आहे ती येथे संपूर्णपणे वगळलेली आहे. गावाने आमटी चाखून पाहावी, पाठ चाखू नये, अशी ही विभागणी आहे.

याचे समर्थन होऊ शकते आणि ते दुबळे नाही. गावपातळीवर बहुमत कोणाचे आहे ते सर्वांना ठाऊक असते; अभ्यासक्रमाचा अधिकार तेथे दिला तर एका गावी एका मठाचा, दुसऱ्या गावी एका संघटनेचा शब्द चालेल, आणि वर्गातील चार मुस्लिम किंवा दोन ख्रिस्ती मुलांचे पालक गप्प बसतील. १८४७ च्या पाद्र्यांच्या साक्षी हेच सांगतात. तथापि वेल्श रचनेतील मर्म मताधिकाराच्या वाटपात आहे. तेथे डोकी मोजली जात नाहीत. गट मोजले जातात, आणि प्रत्येक गटाला नकाराधिकार असतो. शिक्षक हा त्यातला स्वतंत्र गट आहे, हे विशेष महत्त्वाचे. अशी एखादी समिती, केवळ सल्ला देणारी का होईना, तालुका पातळीवर मराठी शाळांसाठी असती तर तिच्यापुढे पहिला प्रश्न कोणता आला असता याची कल्पना करता येते : वेच्यात कोणाचा समावेश करावा. शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’, स्टीफन्स यांची ओवी, जैन मराठी कवी, महानुभावांचे गद्य हे सर्व मराठी धार्मिक वाङ्मयच आहे, आणि बेळगाव परिसरातील वर्गात बसलेल्या मुलांच्या घरांशी त्यातील प्रत्येकाचे काही नाते आहे. विठ्ठलाला कानडा म्हणणारी संतवाणी तर दोन्ही भाषांच्या शिक्षकांना एकाच तासाला शिकविता येण्याजोगी आहे. ‘नवनीत’काराने केलेली निवड दीडशेहून अधिक वर्षे थोड्याफार फरकाने चालत आली, कारण ती धर्माची निवड आहे असे कोणी मानलेच नाही.

म्हैसूरकडे परत येताना एक उलटे चित्र दिसते. संस्थानाच्या काळात व्ही. पी. माधवराव (१९०६–०९) आणि टी. आनंदराव (१९०९–१२) असे दोन तंजावर-मराठी घराण्यांतले दिवाण लागोपाठ होऊन गेले. दक्षिणी मराठी बोलणारी कुटुंबे या शहरात जुनी आहेत. त्यांच्या मुलांची शाळा कन्नड किंवा इंग्रजी. मराठीची अक्षरओळख अनेकांना नाही. जी मराठी उरली ती घरच्या बोलण्यात, सणावारांत, स्त्रियांच्या गाण्यांत आणि देवघरात. बेळगावात शाळा आहे व तिने भाषा राखली, पण धर्माचे काय करावयाचे हे तिला कोणी विचारलेले नाही. म्हैसुरात शाळा नाही, आणि भाषा जगली तितकी घरातल्या धर्माच्या आश्रयाने जगली. एकीकडे लिपी आहे, दुसरीकडे नुसता स्वर. ग्रिफिथ जोन्स यांच्या फिरत्या शाळेत या दोहोंची गाठ पडत असे. कुवेंपुनगरातल्या एखाद्या घरी आजी देवापुढे म्हणत असलेले मराठी पद नातू कानाने ओळखतो. ते पद देवनागरीत लिहून पुढे ठेवले तर अक्षरे त्याला हिंदीच्या तासामुळे लावता येतात, आणि ती आजीचीच भाषा आहे हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागतो.